वाकळेत शिवला गेलेला पदर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. नंदास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. आत्यांचे गुडघे पावसाळ्यात कुरकुरतात तसे कुरकुरतायत, आणि त्या गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरतायत, म्हणजे त्याही खुशालच. राधानगरीत पाऊस कसा आहे ते विचारत नाही, कारण फोनवर आपण दुसरं काही बोलतच नाही. तू हॅलो म्हणतेस, मी म्हणते पाऊस हाय का, तू म्हणतेस धो धो, आणि रेंज जाते. रेंज जाते का आपणच ठेवतो, देवाला ठाऊक. म्हणून म्हटलं, आज सरळ कागद घेऊन बसावं.

घराचं म्हणशील तर गेल्या आठवड्यापर्यंत बसायला जागा नव्हती. तू नोकरीला तिकडं गेल्यापासून मला हे वेडच लागलंय. आधी दारावर टांगायला क्रॉस स्टिचचं तोरण घेतलं, मॅटीच्या कापडावर, हंसांची जोडी. एक हंस झाला, दुसऱ्याची मान झाली आणि पांढरा दोरा संपला. दोरा आणायला महाद्वार रोडला गेले आणि मोराचं डिझाइन घेऊन आले. मोराचा पिसारा भरून झालाय, डोकं राहिलंय. आपली मोना त्याला बिनडोक मोर म्हणते, आणि असं म्हणताना माझ्याकडं बघते. त्यात शेजारच्या प्रियदर्शनीच्या बाळाला दुपटं शिवते म्हणून शब्द देऊन बसले. बाळ आता चालायला लागलंय आणि दुपट्याच्या दोनच बाजू झाल्यात. आणि आमच्या ह्यांनी, तुझ्या दादांनी, कधी नव्हे ते तोंड उघडून मागितलं, की पेठेच्या फुटबॉल टीमचं चिन्ह भरून दे, तालमीत लावतो. नाही कसं म्हणू? तेही घेतलं.

मध्यंतरी एकदा दादा जेवून सोफ्यावर टेकले आणि जे उडाले! सुई होती. ‘‘क्रांते, ह्या घरात माणसानं बसायचं कुठं ते तरी सांग!’’ असे ओरडले की समोरच्या बोळातली कुत्री भुंकायला लागली. आत्या, सासूच शेवटी, कोपऱ्यातनं म्हणतात, ‘‘एक काम धड करीत न्हाय ही. शेळीगत धा झाडास्नी तोंड लावत फिरती.’’

आता तुला सांगायला हरकत नाही, आत्यांचं बरोबर आहे. एवढी कामं मी का काढली, ते मला पक्कं ठाऊक आहे. कपाटावर गाठोड्यात जी वाकळ होती, ती खाली काढायला लागू नये म्हणून.

तर ते राहू दे. गौरी ३१ तारखेला येतायत. तुला फोनवर विचारलं तर ‘बघते’ म्हणालीस. आदर्श भाऊजी गेल्यानंतरच्या पहिल्या गौरीलासुद्धा तू ‘बघते’ म्हणाली नव्हतीस. त्या वर्षी तूच म्हणालीस, ताई, सण करूया, आत्यांना बरं वाटेल. आणि ह्या वर्षी ‘बघते’? हा शब्द मला टोचतोय, नंदा.

चहा ठेवून आले. दुधाची साय बघून परत आले. आता लिहितेच.

मला कळलंय.

मोनाकडनं कळलं, पण तिला रागावू नकोस, पोरीच्या तोंडून निसटलं. मी टीमच्या चिन्हातला वाघ भरत होते आणि ती मोबाइलमध्ये नक्षी बघून मला घरं सांगत होती. इतकी घरं पिवळी, पुढं इतकी काळी. मध्येच म्हणते, ‘‘आई, काकीच्या लग्नात मी तुझी मोतिया पैठणी नेसू?’’ मी म्हटलं, कुठली काकी? आणि तिनं जीभ चावली. तुला माहीत आहे, क्रॉस स्टिचमध्ये एक घर चुकलं की पुढचं सगळं सरकतं. मी त्या दिवशी सुई खाली ठेवली नाही, भरतच राहिले, आणि संध्याकाळी बघते तर वाघाचा एक डोळा कानाशी गेलाय. सगळं उसवायला लागलं.

राग आला मला. लग्नाचा नाही गं! चौतिसाव्या वर्षी माणसानं भिंतीकडं तोंड करून बसायचं काय? राग आला तो मला न सांगितल्याचा. सासूच्या शिव्या आपण दोघी जावांनी वाटून खाल्ल्या, भाऊजींच्या दिवसांत मी तुला कुशीत घेऊन झोपवलं, आणि मला हे कळावं पोरीच्या पैठणीवरनं? चार दिवस मी भांडी आपटत होते. दादा म्हणाले, डबा आता चेपायचा राहिलाय तेवढा. मग एका सकाळी मोना जवळ बसली आणि म्हणाली, ‘‘आई, काकी घाबरलीय. ती म्हणते, हे घर तुटलं तर मला दुसरं घर नाही.’’

ते ऐकल्यावर माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. आईबाप तुझे लहानपणी गेले, मामानं लग्न लावून दिलं आणि हात धुतले. पहिल्या सणाला तू माहेरी गेलीस आणि दुसऱ्या दिवशीच परत आलीस, आठवतंय? मी विचारलं, का गं? तर म्हणालीस, तिथं मला पाहुण्याचा चहा दिला. आणि म्हणून तू आता इकडं यायचं टाळतेस, म्हणजे इकडनंही पाहुण्याचा चहा मिळायला नको. येडी हायेस.

पुढचं उद्या लिहिते. प्रियदर्शनीचं बाळ आलंय, त्यानं दोऱ्यांची पेटी उपडी केलीय.

सोमवार

काल लिहिलेलं वाचलं. फाडणार होते, पण राहू दे.

आता वाकळेचं ऐक. गेल्या गुरुवारी आत्या सकाळीच म्हणाल्या, ‘‘आदर्शाची वाकळ काढ खाली.’’ मला वाटलं, ऊन द्यायची असेल. पण पाऊस पडत होता. म्हटलं, कशाला? तर म्हणाल्या, ‘‘पुरी करायची हाय. किती दिवस ठेवायचं त्येला कपाटावर?’’

मी खाली काढली, जमिनीवर पसरली. नंदा, मी त्या वाकळेकडं तू गेल्यापासून नीट बघितलंच नव्हतं. भाऊजींचे ऑफिसचे निळे शर्ट, लग्नातला तो बदामी, आणि मधोमध गोलकीपरची पिवळी जर्सी, जिच्यातनं सुई सटकायची आणि तू म्हणायचीस, ताई, हे अजून गोल अडवतायत. आपण दोघी समोरासमोर बसायचो. कडेकडेनं टाके घालत आत आत यायचं, मधे भेटायचं. माझी बाजू पिवळ्या जर्सीपर्यंत आलेली. तुझे ते बारके टाके कडेपासून हातभर आत आलेले आणि तिथंच थांबलेले. सुईसुद्धा तशीच टोचलेली होती, गंजून गेलीय.

मी माझ्या जागी बसले. आत्या तुझ्या जागी. म्हटलं, आत्या, तुम्हाला दिसत नाही, उगं बोटं भोसकून घ्याल. ‘‘तू सुई ओवून दे. बाकी हाताला ठावं हाय. मी बसतो हितं.’’

दुपारभर बसलो आम्ही. आत्यांचे टाके कसे म्हणशील तर एक पेठेत आणि दुसरा रंकाळ्यावर. पण घालत होत्या. चहाच्या वेळेला म्हणाल्या, उठतो जरा. आणि उठल्या, तर वाकळ त्यांच्याबरोबर उठली! सगळी. माझ्या मांडीवरनं सरकन ओढली गेली. अगं, त्यांनी स्वतःचा पदर वाकळेत शिवून टाकला होता! अंगावरच्या हिरव्या इरकलीचा, चांगला वीतभर, पक्का. त्या चालायला बघतायत आणि मागनं पोराचे सगळे शर्ट फरफटत येतायत.

मी हसायला लागले. हसू आवरेना मला. आत्याही हसल्या, बोळक्यानं. आणि हसता हसता मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या, नंदा. तीन वर्षांत मी त्यांना मोठ्यानं रडताना बघितलं नव्हतं. भाऊजींना आणलं तेव्हाही त्या नुसत्या बघत बसल्या होत्या. मीही रडले. किती वेळ ते विचारू नकोस.

मग मी कात्री आणली. म्हटलं, थांबा, टाके उसवते. तर हात धरला माझा. ‘‘उसवू नगंस. पोरगं पदर सोडंना झालंय, तर राहू दे त्येच्यापाशी. पदर काप.’’

मी म्हटलं, आत्या, चांगली इरकल आहे, गेल्या दिवाळीची.

‘‘काप म्हनतो न्हवं!’’

मी कापला. पदर वाकळेत राहिला, पिवळ्या जर्सीच्या शेजारी. आत्या आत जाऊन दुसरं लुगडं नेसून आल्या आणि ती बिनपदराची इरकल माझ्या मांडीवर टाकली. मी विचारलं, ह्याचं काय करायचं?

‘‘नंदीची वाकळ घाल.’’

माझ्या हातातनं कात्रीच पडली. मी म्हटलं, ही आपली काढलीय तीच की तिची. तर म्हणाल्या, ‘‘ही माझ्यापाशी राहील. माझा पोरगा माझ्या अंगावर. तिला कशाला? नव्या घरात जाऊन ती ह्याच्याखाली झोपंल व्हय सुखानं? तिला नवी पायजे. आनि लेकीला अंगावरचं लुगडं घालून वाकळ देत्यात, ट्रंकेतलं न्हाय.’’

म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

‘‘डोळं गेल्यात माझं. कान न्हाय गेलं. ती मोना फोनवर बोलती का लग्नाचा स्पीकर लावल्यागत!’’

संध्याकाळी तुझ्या दादांना सांगितलं. त्यांनी विचारलं, काय करतोय तो? म्हटलं, अमरसिंह नाव आहे, दूध संघात गुरांचा डॉक्टर आहे. म्हणाले, ‘‘मग शांत असंल. गुरांपुढं आरडून चालत न्हाय.’’ एवढं बोलून चप्पल घालून बाहेर गेले आणि तास गेला तरी येईनात. आले ते डोळे लाल करून, आणि म्हणतात कसं, वारं लागलं. लागू दे. लहान भाऊ होता त्यांचा.

तर आता असं झालंय. आदर्श भाऊजींची वाकळ पुरी झाली. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, वाकळ रिकाम्या पोटी मिटवायची नाही, शेवटचं तोंड बंद करायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घालायचा. तो आत्यांनी घातला, शेवटचा टाकाही त्यांनीच घातला. तुझे टाके जिथं होते तिथंच आहेत, एकही उसवला नाही. रात्री आत्या तीच घेतात. पावसातही गरम होत नाही म्हणतात.

आणि तुझी घातलीय. वर आत्यांची इरकल, आत माझ्या दोन सुती साड्या आणि मोनाचा शाळेचा गणवेश, तो ती स्वतः आणून टाकून गेली. हंस, मोर, वाघ, सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. दुपटंही प्रियदर्शनीला सांगून टाकलं, आता दुसऱ्या बाळाला. घरात सध्या एकच काम चालू आहे आणि सोफ्यावर निर्धास्त बसता येतंय.

पण मी माझीच बाजू शिवतेय. समोरची बाजू तशीच मोकळी आहे. आत्या बसतो म्हणाल्या, मी बसू दिलं नाही. आता कापायला पदर कुठला आणायचा? आणि खरं कारण ते नाही. ती बाजू तुझी आहे, नंदा. तू गेल्यापासून समोर कुणी नाही म्हणून मी दहा कामं काढून बसले होते, हे मला आता कळतंय. तू लग्न करून जाशील, जा, सुखानं जा. पण मला सोडून जायचं नाही. हे मी फोनवर कधीच म्हणाले नसते.

गौरीला ये. आदल्या दिवशीच ये, भाकरी-शेपूची भाजी करायला मी एकटी पडते. दोघी बसलो की मधलं तोंड येईल, आणि त्यात भाकरीचा तुकडा तू घालायचा. अमरसिंहांचं विचारशील, तर ते मी आत्यांनाच विचारलं. पत्रात त्यांना काय लिहू? त्या म्हणाल्या, ‘‘गौरीमागनं शंकरोबा येतोच की. त्येला काय पत्रिका छापायची?’’ तेव्हा समजून घे. फक्त त्यांना सांगून ठेव, आपल्याकडं चहा अर्धा कप मिळत नाही आणि सोफ्यावर बसताना आधी बघून बसायचं.

‘बघते’ म्हणू नकोस.

आत्या शेजारी बसून विचारतायत, ‘‘खाली काय लिवलंस?’’ म्हटलं, अजून काही नाही, नेहमीचं लिहिते, तुझी जाऊ क्रांती. तर म्हणतात, ‘‘तसं नगं. नीट लिव.’’

वाट बघतोय.

तुझ्या माहेरून,
क्रांती