चुलीपाशी मऊ झालेला ग्लोव्ह

आई, तुझ्याशी एका ग्लोव्हबद्दल बोलायचं राहून गेलंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुझ्यापेक्षा मोठी आहे, तरी हे लिहिताना शाळेतल्या पोरीसारखी मान खाली जाते.

मांडवगणच्या शाळेत बेसबॉल नवा आला तेव्हाची गोष्ट. चेंडू झेलायचा चामड्याचा कोरा पंजा सरांनी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "मऊ करून आण. नीट मिटला तर दौंडच्या सामन्यात पहिल्या बेसवर तूच." तो इतका ताठ की चेंडू आत पडला तरी टणकन बाहेर यायचा. मी माझी अक्कल चालवली. गावात नवी वहाण भिजत घालतात, तसा तो बादलीत बुडवला आणि पत्र्यावर उन्हात टाकला. दुपारी बघते तर त्याचं लाकूड झालेलं. मी हमसून रडायला लागले. तू पिठाचे हात घेऊनच बाहेर आलीस. "अगं, चामडं हाय ते! पापड हाय का उन्हात घालायला?" मी म्हटलं, आता मला कुणी दौंडला नेणार न्हाई. तू तो दोन्ही हातांनी उलटापालटा केलास, नाकाशी नेलास आणि म्हणालीस, "मेलं न्हाई अजून. तहानलंय."

ज्या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत येत नव्हती, त्या घरात तू चामडं चुलीपाशी घेतलंस. वाटीत एरंडेल कोमट केलंस आणि बोटाच्या टोकानं थेंब थेंब जिरवत गेलीस, घडीवर जास्त, बोटांवर कमी, बोटं बांधणाऱ्या चामडी वाद्यांवर नुसता हात फिरवल्यासारखं. मी वाटी ओतायला गेले तर हातावर चापट बसली. "भसाभसा पाजू नको. फुगंल, मग जड हुईल." चेंडू घरी नव्हता, म्हणून परड्यातलं कवठ त्याच्या तळव्यात ठेवलंस, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधलंस आणि पाट बाजूला सारून सरळ त्याच्यावर बसून भाकरी थापायला लागलीस. मला अजून दिसतंय ते. तू थापतेयस, तव्यावर टाकतेयस, आणि दर भाकरीला जराशी पुढंमागं होतेयस. तेवढ्यात चुलती डोकावते. "काय बाई, चामडं चुलीपाशी? आता काय राह्यलंच न्हाई!" तू मान वर न करता म्हणतेस, "पाट मोडलाय माझा. तुमचा द्या, मग उठते." चुलती गेल्यावर आपण दोघी तुझाच पदर तोंडात कोंबून हसलो. आठ-दहा दिवस तू रोज दोन्ही वेळा त्याच्यावर बसलीस. रोज सोडायचीस, पुसायचीस, एखादा थेंब लावायचीस, पुन्हा बांधायचीस.

शाळा उघडली. सरांनी ग्लोव्ह हातात घातला, मिटला, उघडला, पुन्हा मिटला. "असा तर पुण्यातसुद्धा कुणी करून देत न्हाई. कुणी केला गं हा?" सगळ्या पोरी माझ्याकडं बघत होत्या. आई त्याच्यावर बसून भाकरी करत होती, हे सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "मी केला, सर." टाळ्या पडल्या. पहिली बेस मला मिळाली. संध्याकाळी तू विचारलंस, "काय म्हणले सर?" मी म्हटलं, "काय न्हाई." तू म्हणालीस, "बरं. म्हंजी नावं तरी न्हाई ठेवली." आणि कालवणाला फोडणी घातलीस.

तेच पुढं जन्मभर चाललं. इथं शिरूरला मैदानावरच्या पोरी कोरे ग्लोव्ह घेऊन माझ्या दारात येतात. आजीचा हात लागला की मऊ होतो, म्हणतात. गेल्या आठवड्यात त्यांना खेळ शिकवणाऱ्या ताईनं मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला. "आजी, हे कुणाकडून शिकलात?" सवयीनं तोंडातून निघालं, "कुणाकडून न्हाई, माझी मीच." लोकांनी काय काय कौतुक लिहिलं, ताईनं सगळं वाचून दाखवलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी मीच तिला बोलावलं. म्हटलं, पुन्हा काढ. "अहो आजी, पहिला चांगला आलाय की!" "चांगला आलाय गं, खरा न्हाई आला." मग मी सगळं सांगितलं. बादली, पत्रा, कवठ, आणि तू बसायचीस तेसुद्धा. पोरी हसल्या, पण तुला हसल्या नाहीत. एक तर लगेच ग्लोव्ह खाली ठेवून त्याच्यावर बसून बघायला लागली. मला वाटलं, झालं, आता मोकळी झाले.

तर तीच पोरगी बसल्या बसल्या विचारते, "आन् तुमच्या आईला कुणी शिकवलं हो?"

ताईनं मोबाइल तसाच धरलेला. मी तो बंद करायला लावला आणि घरी वही घेऊन बसले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुझ्याशिवाय ते कुणाच्या कामाचंही नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. आई, तुला चामडं कसं कळत होतं, हे मी तुला कधी विचारलंच नाही.