बाबांच्या शेजारची खुर्ची

प्रिय छकुले,

परवा तू फोनवर विचारलंस, “आई, माझ्या लग्नात बाबांच्या शेजारी कोण बसणार, तू की मावशी?” आणि मी कामाचं निमित्त करून फोन ठेवला. दूतावासात पाहुण्यांना कुठे बसवायचं हे ठरवून पोट भरणारी बाई एका खुर्चीपाशी अडली, म्हणून तू मनातल्या मनात हसली असशील.

काम मात्र खरंच होतं. काल आमची वार्षिक मेजवानी झाली. तीन महिने फुलवाल्याशी भांडले, पाहुण्यांची पथ्यं पाठ केली, दोन देशांचे झेंडे एकाच उंचीवर आहेत ना, हे शिडीवर चढून टेपने मोजलं. गुडघे अजून कुरकुरताहेत. मुख्य टेबलावर इतर देशांच्या राजदूतांचा मान कसा ठरतो, ठाऊक आहे? देश मोठा की लहान, याला काडीची किंमत नाही. ज्याने इथल्या राष्ट्रप्रमुखांना आपलं अधिकारपत्र आधी दिलं, तो वर. आणि वीस वर्षं हेच करणाऱ्या मी कुठली तारीख धरावी? विमानातून उतरल्याची! एक राजदूत आले आधी, पण आजारी पडले, त्यांचं पत्र दोन महिने रखडलं. त्यांच्यामागून आलेल्या बाईंनी चौथ्याच दिवशी दिलं होतं. त्या बाईंना मी त्यांच्याही चार खुर्च्या खाली बसवलं होतं.

चूक दुपारी चारला लक्षात आली. पाहुणे सातला येणार. साहेब म्हणाले, राहू दे, कोण बघतंय. मी म्हटलं, जिची खुर्ची हुकली ती बघेल. साहेब फुगून बसले. मी आख्खी रांग हलवली, कार्डं पुन्हा मांडली. बाई आल्या, आपलं नाव वाचलं आणि बसल्या. कोणाला काही कळलं नाही. आमच्या धंद्यात यालाच शाबासकी म्हणायचं.

आज सकाळी मात्र माझी मलाच लाज वाटली. तू दहा वर्षांची असताना माझा नि बाबांचा संसार मोडला आणि मी ही नोकरी धरून निघून आले. तुझ्या कांजिण्या, बारावीचा अभ्यास, तुझं दारं आपटणं, सगळं बाबांशी लग्न करून घरात आलेल्या मावशींनी निस्तरलं. मी फोनवरची आई. जन्म दिला म्हणून पुढे बसावं, असं वाटत होतं मला. खोटं कशाला सांगू?

म्हणून हे पत्र. बाबांच्या शेजारी मावशी बसतील, मी दुसऱ्या रांगेत. मला रडू येईल, येऊ दे. ते पाहून तू ठरलेलं बदलायचं नाहीस. तुझ्यावर सोपवलं असतं, तर दोघींचं मन राखता राखता तू कुढत बसली असतीस. तेव्हा मावशींना मीच सकाळी फोन करून सांगून टाकलं. त्या नाही-नाही म्हणत राहिल्या, मी ऐकलं नाही. मग हळूच म्हणाल्या, तुम्ही कुठल्या रंगाची साडी नेसणार ते सांगा, तो सोडून मी घेईन. मी म्हटलं, आधी तुमची ठरू दे.

तुझीच,
आई