नळी रुळेपर्यंत

शनि., ४ एप्रिल
रायफलला नवी नळी बसवून मिळाली. जुनी माझ्याच हातून झिजली, त्याचं वाईट वाटत नाही. बंदुकांच्या दुकानातल्या बिल नावाच्या कारागिराने बजावलं: एक बार काढ, आतून द्रावणाने पुसून घे, परत एक, परत पूस. पुसलेल्या फडक्यावर गोळीच्या तांब्याचा निळा डाग यायचा थांबला की नळी तयार. तोवर कोणतं काडतूस हिला मानवतं ते बघत बसू नकोस, सगळं फुकट जाईल.
याला मराठीत काय म्हणावं? नळी रुळवणं. शब्द सुचला आणि तोंड कडू झालं.

रवि., ५ एप्रिल
नेमबाजीच्या रेंजवर बोचरी थंडी. बोटं आखडली. एक बार, पूस. एक बार, पूस. फडक्यांसाठी माधवचे जुने बनियन कापले. आपल्याकडे नवऱ्याच्या बनियनचं शेवटी फडकंच होतं, फक्त बंदुकीत जाण्याचं भाग्य सगळ्यांना लाभत नाही.
तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला जाऊन महिना होत आला. आधी नोकरी घेतली, मग मला सांगितलं. आज फोनवर म्हणतो, "घर विकायला काढू. तू कायले टेन्शन घेऊन राहिली? तू कुठेही रुळतेस, यार."
हो. कुठेही. लग्नानंतर नागपूरला शेजारणी माझ्यादेखत सासूबाईंना विचारायच्या, "सून रुळली का?" गोठ्यात नवी गाय आणली असावी तसं. मग त्याच्यासाठी परदेशात, नेपरव्हिल. मग त्याच्यासाठीच नोव्हाय. इथे मात्र साच्यांच्या कामात माझे पाय रोवले गेले. गाड्यांचे दरवाजे ज्यातून निघतात ते साचे मी काढते. हे त्याला आठवतही नसेल.

बुध., ८ एप्रिल
घराचे फोटो काढायला एजंटबाई आल्या. मी बोलावलं नव्हतं, मा.ने परस्पर ठरवलेलं. (सबंध नाव लिहायची आज इच्छा नाही.) बाई म्हणाल्या, बंदुकीची तिजोरी फोटोत नको, लोक बिचकतात. मग देव्हाऱ्याकडे बघून, "आणि हेही, प्लीज."
तिजोरीवर चादर टाकली. देव कपाटात. सगळे एकदमच घराबाहेर निघालो म्हणायचं.

शनि., ११ एप्रिल
पुन्हा रेंज. फडकं निळंच. नीळ घातलेलं धोतर पिळावं तसं. पुसपुस पुसलं, तरी निळं. बिलला फोन केला. म्हणाला, काही नळ्या हट्टी असतात.
संध्याकाळी मा.चा फोन. मी म्हटलं, मला यायचं नाहीये बहुतेक. तो लगेच:
"दर वेळी तुझंच काहीतरी असतं. नागपूरला आईशी पटलं नाही. नेपरव्हिलला तोंड पाडून बसायचीस. प्रॉब्लेम तुझ्यातच आहे, हे कधी कळेल तुला?"
राग आला, पण त्याहून वाईट म्हणजे थोडं खरं वाटलं. इतकी वर्षं हेच ऐकतेय. इराला फोन केला. लेक म्हणाली, "आई, यू डोन्ट हॅव टु गो." तिला सोपं आहे. तिला कोणी रुळवलेलं नाही, मीच रुळवू दिलं नाही.

मंगळ., १४ एप्रिल
आज काय सापडलं!
कामावरून येऊन पुन्हा पुसायला बसले. सहज एक नवं फडकं द्रावणात भिजवून पुसायच्या सळईच्या टोकाला गुंडाळलं आणि चहा ठेवायला उठले. परत येते तो फडकं निळं. नळीत अजून घातलंसुद्धा नव्हतं!
टोक पितळेचं. पितळेत तांबं. द्रावण तांबं विरघळवतं. खात्री करायला टोक स्टीलच्या वाटीत, वर द्रावण. वाटी निळी झाली. एवढी साच्यांची इंजिनिअर, आणि हे डोक्यात येऊ नये.
म्हणजे निळं पुसणाऱ्यातून येत होतं. नळी बिचारी केव्हाच रुळली असेल. तिला मी उगाच हट्टी ठरवलं.
वाटी धुऊन फेकून दिली. खूप रडले. वाटीसाठी नव्हे.

शनि., १८ एप्रिल
प्लास्टिकचं टोक आणलं. एक बार, पुसलं. फडकं काळपट, मग पांढरं. निळ्याचं नावही नाही. बनियन नेहमी धुऊन यायचं त्याहून पांढरं.
दुपारी घरी आले तर मा.चा फोन. घराला गिऱ्हाईक आलंय. "हो म्हणू ना?"
"मला काय मानवतं ते आधी बघू दे."
"मानवतं? अगं, ते काय जेवण आहे का?"
हसला. मी नाही हसले. मग जरा नरमला, "उद्या सकाळी फोन करतो, तोवर ठरव. तुझ्या सहीशिवाय घर विकता येत नाही." आवाज थकलेला वाटला. त्याचाही तिथे जीव लागत नसेल. पण ते तो सांगणार नाही, आणि मी विचारायचं सोडलं.
देव कपाटातून काढून जागेवर ठेवले. उद्यासाठी वेगवेगळी काडतुसं भरून डब्यात लावली. नळीला कोणतं मानवतं ते आता तीच सांगेल.
सकाळी रेंज उघडते तेव्हाच त्याचा फोन येणार. तिथे कान झाकलेले असतात, फोन ऐकू येत नाही.