लाल रबराची कॅसेट

शहादा,
२८ जुलै २०२५

ती. उमाकांतभाऊस,

गायत्रीचा नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमध्ये दुखायचे तेवढेच दुखतात, जास्त नाही. बारडोलीला पाऊस कसा आहे? वहिनीची खोकल्याची औषधं बदलली का?

फोन केला तर तू "बोल, गिऱ्हाईक आहे" म्हणतोस आणि ठेवतोस. सीसीटीव्ही बसवणाऱ्या माणसाकडे दिवसभर गिऱ्हाईक असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. म्हणून लिहितेय. माझं अक्षर तू ओळखशील, पाच वर्षं कॅसेटींवरच्या पट्ट्या मीच लिहीत होते.

आधी गंमत ऐक. आमच्या कॉलेजात रुचिका नावाची एक मुलगी आहे. एम.ए.च्या प्रकल्पाला तिने विषय काय घ्यावा? 'सूर सातपुडा'! आपलं चॅनल! बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टरमागे, पत्र्याच्या खोलीत, दोन व्हीसीआर आणि एका टेबलफॅनवर चाललेलं. तिच्या वहीत लिहिलंय, "जिल्ह्यातील स्थानिक संगीत वाहिनीचा उदय व सांस्कृतिक परिणाम." मी वाचून हसले तर ती रुसली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही तिथे काम करत होतात म्हणे. सांगा ना, सुरुवात कशी झाली?"

आणि भाऊ, मला सांगताच येईना. मला पडद्यावर फिरणाऱ्या पट्ट्या आठवत होत्या, "चि. मगन यास वाढदिवसाच्या शुभेच्छा, फर्माईश : काका-काकू" असल्या. पण चॅनलने काय केलं, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मग मीही तिच्यासोबत हिंडायला लागले. रविवारी दोघी जायचो, वही तिची आणि प्रश्न माझे.

एकेक काय ऐकायला मिळालं, सांगू? अहिराणी गाणी आपण लावायला लागलो तेव्हा लोकांनी पहिल्या आठवड्यात केबलवाल्याकडे तक्रार केली होती, टीव्ही बिघडला म्हणून. आपली आईसुद्धा काय म्हणाली होती, आठवतं? "अय माय, टीव्ही बी आते आपलीच भाषा बोली ऱ्हायना!" आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. रुचिकाने ते वाक्य जसंच्या तसं वहीत घेतलं. आई आता सगळ्यांना सांगत सुटलीय की आपण पुस्तकात गेलो.

वर सातपुड्यात मोलगीला गेलो तेव्हा तर मी चकितच झाले. केबल तिथे कधी पोचली नाही, तरी बाजारात पन्नाशीच्या पुढचा कुणीही 'सूर सातपुडा' ओळखतो. का, तर तुझी ती युक्ती. आठवडाभराची गाणी एका कॅसेटीवर भरायची, धडगावला जाणाऱ्या रायसिंगच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवायची, आणि बाजाराच्या दिवशी मोलगीच्या चहाच्या टपरीवर ती दिवसभर चालायची. जगात बाकी कुठलं चॅनल जीपने घाट चढलं असेल का रे? पुढच्या आठवड्यात कॅसेट परत, पुसून पुन्हा भर. त्या टपरीवाल्याचा मुलगा अजून सांगतो, लोक चहा घ्यायचे एक आणि उभे राहायचे तीन तास.

एका म्हाताऱ्याने तर मला विचारातच पाडलं. तो म्हणाला, होळीला आम्ही आधी गोल नाचायचो. तुमचा कॅमेरा यायला लागला तशी पोरं एका बाजूला तोंड करून नाचायला लागली. आता कॅमेरा नसला तरी तोंड एकीकडेच असतं. आपण गाणी दाखवत होतो असं आपल्याला वाटायचं. लोकांचे पायच वळवले आपण, आणि आपल्याला पत्ताही नाही.

असे प्रश्न विचारत विचारत रुचिका शेवटी नको तिथे आली. "मॅडम, डोंगरातल्या लोकांनी २००२ नंतर कॅसेट घेणं एकदम का बंद केलं?"

मी म्हटलं, "एक कॅसेट हरवली होती. त्यावरून गैरसमज झाला." तिने तेवढंच लिहून घेतलं. घरी आले आणि माझं जेवणात लक्ष लागेना.

तुला आठवतच असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. रायसिंगची आई धनुबाई. नर्मदेच्या खोऱ्यातली. ती ते लांबलचक गाणं म्हणायची, मोलगीहून निघून डोंगर उतरत नदीपर्यंत वाटेत लागणाऱ्या गावांची नावं एकामागोमाग एक घेत, प्रत्येक गावाबद्दल एक ओळ. कुठल्या गावाला पाणी गोड, कुठल्या गावच्या पोरी भांडकुदळ. तू तिला खोलीत बसवून ते चित्रित केलंस. ती कॅमेऱ्याकडे बघायला तयार नव्हती, भिंतीवरच्या पालीकडे बघून गायली. खालची गावं धरणाच्या बुडितात जायला लागली होती, म्हणून रायसिंगच तिला घेऊन आला होता. तू त्याला शब्द दिला होतास की ही कॅसेट पुसली जाणार नाही. अजून थोडं चित्रण घ्यायचं राहिलं होतं, म्हणून तू कॅसेटीच्या पाठीवरची प्लास्टिकची खिटी मोडली नव्हतीस. फक्त लाल रबर लावलं होतंस. आपल्या खोलीचा नियमच होता तो : लाल रबर असेल तर हात लावायचा नाही, आणि खिटी मोडली की कुणाला पुसायचं म्हटलं तरी पुसता येत नाही.

आषाढात धनुबाई गेली. रायसिंग कॅसेट मागायला आला आणि ती सापडली नाही. त्याच सुमारास सुरतेच्या कुठल्याशा कंपनीच्या कॅसेटमध्ये तशाच चालीचं गाणं कुणीतरी ऐकलं. झालं! उमाकांतने विकली. मोलगीच्या भर बाजारात रायसिंगने तुझी कॉलर धरली. कॅसेटी बंद, जीप बंद, वर्षभरात चॅनल बंद आणि तू बारडोलीला.

भाऊ, ती कॅसेट हरवली नव्हती.

माझ्या लग्नाचं चित्रण त्या वैशाखात झालं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा ते मोठ्या कॅसेटवर उतरवायचं मी मनावर घेतलं. तू धडगावला गेला होतास. खोलीत कोरी कॅसेट नव्हती, होत्या त्या घासून घासून चित्रात रेघा येणाऱ्या. मला माझं लग्न चांगलं दिसायला हवं होतं. आणि ती एक जवळजवळ नवी, एकदाच वापरलेली, फळीवर पडली होती.

चुकून झालं असं मी तेवीस वर्षं स्वतःला सांगत आले. चुकून नाही झालं. तिच्यावर लाल रबर होतं. ते मी माझ्या हाताने काढलं आणि वेणीला लावलं. मनात काय होतं तेही लिहिते, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. मी म्हटलं, डोंगरातल्या म्हातारीचं गाणं कोण बघतंय? पुन्हा बोलावता येईल तिला, ती कुठे पळून जातेय? बटण मीच दाबलं.

तुझ्यावर आळ आला तेव्हा मी प्रकाशा गावी, सासरी होते. नवी नवरी. म्हटलं, आज बोलले तर सासरी काय म्हणतील? उद्या बोलू. मग राखीला तू आलास, लग्नाची कॅसेट छान खोक्यात घालून घेऊन आलास, आणि मी तुला राखी बांधली. एक शब्द बोलले नाही.

त्या दिवाळीत सासरी सगळ्यांनी कॅसेट पाहिली. बिदाई झाली, सगळे उठले, मी एकटी आवरत होते. पडद्यावर मुंग्या आल्या आणि मुंग्यांमधून धनुबाई आली. पालीकडे बघत गात होती. माझं लग्न जिथे संपलं तिथून पुढे चार मिनिटं ती उरली होती. मी टीव्ही बंद केला. भाऊ, मी घाबरले होते. लाजही वाटली, पण भीती जास्त होती. पुढे दिराने घरातल्या एकूण एक कॅसेटवर क्रिकेटच्या मॅची घेतल्या. हिच्यावर मात्र काही केल्या घेता येईना. "वहिनी, तुमची कॅसेट खराब शे," म्हणाला. मला बरंच वाटलं. कपाटात खाली, साड्यांखाली ठेवली, ती परवापर्यंत.

परवा शहाद्यात एकाकडे नेली. तो जुन्या कॅसेटी मोबाईलमध्ये उतरवून देतो. त्याने कॅसेट उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "ताई, नशीब चांगलं तुमचं. खिटी मोडलेली शे, नहीतर इतले वरीसमा कोणीतरी पुसीच टाकती."

ती खिटी मी मोडली नव्हती. माझ्या सासरी खिटी कशाला म्हणतात हेही कुणाला माहीत नव्हतं.

धनुबाईची कॅसेट शोधताना तू खोलीतली एकूण एक कॅसेट शेवटपर्यंत चालवून पाहिली असशील. माझ्या लग्नाचीसुद्धा. तू त्या राखीला आलास तेव्हा तुला सगळं माहीत होतं, हो ना? बाजारात कॉलर धरली तेव्हाही? रायसिंगला चार मिनिटं दाखवली असतीस तर तो विचारणारच होता, हे लग्न कुणाचं. म्हणून गप्प बसलास? आणि मी बोलेन म्हणून वाट बघितलीस का रे? किती वर्षं? मला हे खरंच जाणून घ्यायचंय. रुचिकाच्या वहीसाठी नाही.

काल मी एकटी तळोद्याकडच्या, धरणग्रस्तांच्या वसाहतीत गेले. रायसिंग आता तिथे राहतो. जीप विकली, ज्वारी करतो. त्याची बहीण फुलवंताबाईही होती. मी आधी सगळं सांगितलं, रबर, वेणी, मनात काय आलं होतं ते, आणि मग मोबाईल लावला. फुलवंताबाई एकेका नावाला बोट दुमडत होती. नदीकाठची सात गावं आली. आता सातही पाण्याखाली आहेत.

त्यांचं स्वतःचं गाव गाण्यात या सातांच्या आधी येणारं. संपल्यावर रायसिंग म्हणाला, "आम्हनं गाव नही ऊनं. ते तू पुसी टाकं."

फुलवंताबाईने आधीच्या ओळी आठवून पाहिल्या. दोन गावं लागली, तिसऱ्याला अडली, पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच अडली. मग ती उठून आत गेली आणि बाहेर आली नाही.

रायसिंगने मोबाईल माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "उमा खोटं नही बोलना. मी त्याले भर बजारमा चोर म्हनं." मी कॅसेट पुढे केली. त्याने हात मागे घेतला. "तुन्हा हातथून नही. त्याना हातथून लिसू."

तर कॅसेट माझ्याकडेच आहे. लाल रबर लावून टेबलावर ठेवलीय, कपाटात नाही. रुचिकाला मी काल बोलावून खरं उत्तर लिहून दिलंय, माझ्या नावासकट. माझ्या घरीही सांगितलं. आईला अजून सांगितलेलं नाही. ते तू आल्यावर तुझ्यासमोर सांगेन.

पुढच्या आठवड्यात राखी आहे. या वेळी पाकिटात राखी घातलेली नाही, शोधू नकोस. बारडोलीहून सकाळची एसटी धर, दुपारी इथे पोचशील. राखी बांधून घ्यायची की नाही ते तू ठरव, तो हक्क आता माझा नाही. पण कॅसेट घे आणि रायसिंगकडे जा. तो वाट बघतोय. मी बसस्टँडवरच थांबेन, वसाहतीत तुमच्या मध्ये येणार नाही.

तू खिटी मोडलीस म्हणून सात गावं उरली. जी उरली नाहीत, ती सगळी माझ्या नावावर.

रबर काढणारी,
तुझी गायत्री