जुन्याच्या बाजूला

चिखला, ता. ७ जानेवारी १९७८

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

खाणीत हजेरी कारकून होऊन बारा दिवस झाले. घरी सगळं ठीक आहे असंच सांगा, खरं फक्त तुम्हाला लिहितो. दुपारच्या सुटीत खाली सुरुंगाचा बार होतो आणि माझ्या हातातला घास पडतो. छाती धडधडते, तळहात ओले होतात. कोणी हसू नये म्हणून कोपऱ्यात एकटाच जेवतो.

इथले डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावर एक ग्रंथी असते, भीती वाटली की ती रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडते. शरीराला वाटतं, वाघच आला. सवयीने कमी होईल म्हणे. मला तेवढा धीर नाही. राजीनामा लिहून खिशात ठेवलाय, महिनाअखेर देतो.

आपला,
श्रावण

अड्याळ, ता. १३ जानेवारी १९७८

चि. श्रावणभाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

वाघ नाकाडोंगरीच्या जंगलात असतो असं ऐकून होते, तुमच्या तर पोटातच निघाला! हसले खरी, पण मग रडूही आलं. न राहवून पत्र मामंजींना वाचून दाखवलं, रागावू नका. ते एवढंच म्हणाले, "नव्या गोऱ्ह्याले एकटा जुंपते का कोणी? जुन्या बैलाच्या बाजूले जुंपा लागते. जुना बिचकला नाही, का नवाही उभा रायते."

राजीनामा राहू द्या खिशात. आधी एखाद्या जुन्या माणसाजवळ बसून जेवा. संक्रांतीचे तिळाचे लाडू पाठवते, दोघांना पुरतील एवढे. माया आहेच, तब्येत जपा.

तुमची,
कौशल्यावहिनी

चिखला, ता. २६ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

वीस वर्षं खाणीत काढलेल्या गोमाजींजवळ डबा उघडला. पहिल्या दिवशी बार झाला तेव्हा ते लाडू चावत होते, त्यांनी फक्त पाणी मागितलं. मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. गेल्या आठवड्यात बार झाला तेव्हा मी भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार करत होतो, बार झालेला मला कळलाच नाही. राजीनाम्याचा कागद आता डब्याखाली अंथरतो.

काल परसराम म्हणून नवा माणूस लागला. बार झाला आणि त्याची भाकर खाली पडली. तो उठून कोपऱ्याकडे निघाला. गोमाजींनी मला कोपराने ढोसलं, म्हणाले, "जाय, त्याच्या बाजूले बस. आता जुना तू."

बाबांना हे नक्की वाचून दाखवा. छाती पुन्हा धडधडली, पण आनंदाने. डबा उचलून मी परसरामजवळ जाऊन बसलो. लाडू संपलेत, आता तिघांना पुरतील एवढे पाठवा. आपली माया अशीच राहू द्या.

आपला,
श्रावण