चौकात लागलेला दिगूचा फोटो

शोभा, बाई माझे,

सगळ्यात आधी आल्या त्या क्लबच्या चिटणीस रेणुकाताई, आणि त्याही चपला हातात घेऊन, कारण आपल्या बोळातलं गटार परत तुंबलंय. काखेत गुंडाळलेला फ्लेक्स. अध्यक्षसाहेब मागं राहिले, त्यांची गाडी बोळाच्या तोंडाशी अडकली होती. एवढी मोठी गाडी आत घालायला कुणी सांगितलं होतं? शनिवारची सकाळ, मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, आणि दार उघडायला गेला कोण, तर दिगू. 

तू देवाघरी जाऊन तीन वर्षं झाली. सासूनं सुनेला पत्र लिहिलेलं कुणी ऐकलंय का? त्यात माझी शाळा चौथीपर्यंतची. पण चूक माझ्या हातून झाली, आणि दिगू तीन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. शेजारणीला सांगावं तर तीच चूक परत होते. म्हणून तुला सांगते. मला चार शब्द सुनवायचा हक्क तुझाच की.

आधी चांगलं ऐक. तुझ्या नवऱ्यानं, दिगूनं, दारू सोडून चौदा महिने झाले. पिंकी कॅलेंडरवर खुणा करते. आठवीत गेली ती, उंचीला तुझ्यावर गेलीय, माझ्या डोक्याच्या वर हात ठेवून मला चिडवते. मागच्या महिन्यात पालकसभेला बापाला घेऊन गेली. याआधी मी जायची, आणि ही बाईंना सांगायची, पप्पा मंगळवेढ्याला गेलेत. यंदा त्याचा हात धरून नेला. त्यानं शर्टाला इस्त्री केली होती. मी दारात उभी राहून बघत बसले, तव्यावरची भाकरी करपली. मला लई आनंद झाला, आणि त्या आनंदातच मी घोटाळा केला.

दिगू ज्यांच्यात बसतो ते लोक दर रविवारी जमतात. बारा-पंधरा जण असतील. कुणी दारू सोडलेलं, कुणी सोडायला बघणारं. आळीपाळीनं आपलं आपलं बोलतात, बाकीचे ऐकतात. त्यांची एक रीत आहे. आडनाव सांगायचं नाही, आणि तिथं कोण बसतं ते बाहेर काढायचं नाही. शिंपीकाम करणारे बशीरभाई त्यांच्यात जुने. दिगूला जीव घाबरा झाला की तो त्यांनाच फोन करतो.

ते जमायचे एका शाळेच्या खोलीत. तिथं बांधकाम निघालं आणि खोली गेली. दोन रविवार बागेत बसले. बागेत ओळखीची माणसं, भेळेची गाडी, पोरांचा दंगा. तिथं कोण मन मोकळं करणार? दुसऱ्या रविवारी निम्मेच आले. दिगू मला म्हणाला, "आये, ही बैठक मोडली तर माझं काय खरं न्हाय."

आता मी गप्प बसणार का? दर बुधवारी क्लबाच्या सभेला माझ्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी जाते, तुला माहीत आहे. त्यांच्या हॉलच्या मागं खुर्च्या ठेवायची एक खोली आहे. मी अध्यक्षसाहेबांना म्हटलं, रविवारी दीड तास ती खोली द्या. ते म्हणाले, "आजी, हे तर आमचंच काम! कोण आहे हा तुमचा मुलगा?" एवढं विचारायचा अवकाश, मी सगळं सांगितलं. नाव, आडनाव, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे ते, चौदा महिने, सगळं. वर पालकसभेला काढलेला इस्त्रीच्या शर्टातला फोटो पण दिला. रीत मला माहीत होती गं. मला वाटलं, रीत झाकायच्या गोष्टींसाठी असते, चांगलं सांगायला कसली आडकाठी?

बुधवारी दुपारी भाकऱ्यांची पाटी घेऊन निघाले, तर चौकात दहा फुटी फ्लेक्स. मधोमध आपला दिगू, आणि त्याच्याभोवती क्लबाची वीस माणसं हात जोडून. "व्यसनावर मात करणारे श्री. दिगंबर यांचा जाहीर सत्कार." खाली कारखान्याचं नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं. खोटं कशाला बोलू, मी उभी राहून तीनदा वाचलं. आपल्याकडं फ्लेक्स लागतो तो वाढदिवसाला, निवडणुकीला, नाहीतर माणूस गेल्यावर. आपल्या घरातलं कुणी जिवंतपणी चौकात लागलं नव्हतं. कोपऱ्यावरची सुलाबाई तर म्हणाली, "अगं बया, दिगू गेला म्हून मी दचकले की. मग वाचलं. आता समद्यांना कळलं, किती पीत व्हता त्ये." तरी मला उजेड पडला नाही. मी पाटी उचलली आणि हॉलवर गेले.

सभेचं काय सांगू तुला. आधी घंटा वाजवली. मग गाणं. मग पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांना शाल, ज्यांनी ओळख करून दिली त्यांना गुलाबाचं फूल. गुडघेदुखीवर डॉक्टरांचं भाषण. मग कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, टाळ्या. माझ्या भाकऱ्या आत वातड होत होत्या. सेवेचं काम म्हणतात, पण अर्धा वेळ एकमेकांच्या खांद्यावर शाली टाकण्यात जातो. शेवटी साहेबांनी पुकारलं, "दिगंबर यांनी व्यासपीठावर यावं." पुढच्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिली पाळी तीनलाच सुटते. घरी यायचा रस्ता त्याच चौकातून आहे.

मी पदरानं हात पुसले आणि माईकपाशी गेले. 

"त्यो येनार न्हाय," मी म्हटलं. "फोटो मी दिला, त्याला न इचारता. त्यांच्यात नाव सांगत न्हाईत. तुमी चौकात टांगलं. मी शालीसाठी आले नव्हते, खोलीसाठी आले व्हते."

 मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. टाळ्या कशाच्या वाजवतात ही माणसं, देव जाणे. मी पाटी तिथंच टाकून रिक्षा केली.

घरी आले तर दिगू उंबऱ्यावर, शेजारी बशीरभाई. मी त्याच्या तोंडाजवळ गेले आणि वास घेतला. शोभा, चौदा महिन्यांनी मी माझ्या पोराचा वास घेतला. त्याला ते कळलं. त्यानं तोंड फिरवलं. फ्लेक्सपेक्षा ते जास्त लागलं असेल त्याला.

बशीरभाई म्हणाले, "अम्मा, फिकर नक्को करो. बच्चा दारू के दुकान तक गया, अंदर नै गया. बाहर सेइच मेरेकू फोन किया."

"आये," दिगू म्हणाला, "कारखान्याच्या सेठला मी कायबी सांगितलं नव्हतं. त्यानं गाडी थांबवून वाचलं. मी मागं हुबा व्हतो." एवढं बोलला आणि आत गेला. मग बुधवारपासून शनिवारपर्यंत "मीठ दे" आणि "पाणी आलं" एवढंच.

तुझी आठवण तेव्हा फार आली. तू म्हणायचीस, "आत्या, तुमी पांघरूण घालू नका, त्येनं त्येचं त्येनं सांगू द्या." आणि मी गावभर सांगायची, दिगूला पित्त झालंय. तू दवाखान्यातून त्या रविवारच्या लोकांचा कागद आणला होतास, तो मी चुलीत घातला. पाहुण्यांच्या हाताला लागेल म्हणून. तो कागद राहिला असता तर तुझ्या शेवटच्या दोन वर्षांचं काहीतरी वेगळं झालं असतं का? तू भांडली का नाहीस माझ्याशी? भांडायला पाहिजे होतंस की गं.

तर शनिवारी साहेब आणि रेणुकाताई असे दोघं आले. साहेब घाम पुसत खुर्चीवर बसले आणि पिशवीतून काय काढावं? परत शाल आणि नारळ. मी कपाळाला हात लावला, पीठ लागलं ते वेगळंच.

"साहेब, ती शाल आधी पिशवीत घाला," दिगू म्हणाला.

"अहो, पण आमची भावना..."

"भावना कळली. दोन दिवस चौकात लागली व्हती."

रेणुकाताईंनी तोंडावर पदर घेतला, हसू लपवायला. म्हणाल्या, "चुकलं आमचं. आम्ही विचारायला हवं होतं. आता काय करू, तुम्हीच सांगा."

"मागची खोली द्या," दिगू म्हणाला. "रविवारी सहा ते साडेसात. भायेर पाटी नको. तुमचं नाव नको, आमचं नको."

"उद्घाटन तरी?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय."

"दोन शब्द, आभाराचे?"

"साहेब, चहा घ्या," रेणुकाताई म्हणाल्या.

चहा पिऊन साहेब म्हणतात कसे, खोली देणं एकट्याच्या हातात नाही, बुधवारच्या सभेत ठराव व्हायला हवा. फ्लेक्स लावायला ठराव लागला नव्हता, खोलीला लागतो! मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिगूनं माझ्याकडं बघितलं. मी भाकरी उलटली. उद्याचा रविवार बशीरभाईंच्या दुकानात बसणार आहेत सगळे, मशिनी बाजूला सारून.

ते गेले, आणि दिगू ताट घेऊन माझ्यासमोर बसला. गरम भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आये, बुधवारी हॉलवर जाशील तवा..."

"गप ऱ्हाईन," मी म्हटलं.

"गप नगं ऱ्हाऊस. ठरावाची आठवण कर. फकस्त माझं नाव घेऊ नगंस." आणि मग म्हणाला, "आन वास घ्यायचा असला तर इचारून घे."

मी मान डोलावली. 

आता तुला शब्द देते, शोभा. कुणी मला विचारलं, दिगू कसा आहे, तर मी सांगेन, त्यालाच विचारा. पित्त झालंय म्हणणार नाही आणि फोटोही दाखवणार नाही. मला किती जड जाईल ते तुला ठाऊक आहे. ठराव मात्र मी करून घेणार, नाहीतर पुढच्या बुधवारी भाकरी बंद.

ठराव झाला की साहेब आणि रेणुकाताई किल्ली घेऊन गुरुवारी सकाळी दहाला येतो म्हणालेत. चालत येणार आहेत.

तुझी आत्या,
कोंडाबाई