निवेदिकेचा आवाज बंद ठेवण्याबाबत

प्रति,
मा. कार्मिक अधिकारी,
प्रवासी वाहतूक मंडळ,
मुख्य कार्यालय.

विषय : मध्यवर्ती बसस्थानकावर वाजणारा अर्जदाराचा ध्वनिमुद्रित आवाज, अर्जदाराचा स्वतःचा आवाज परत येईपर्यंत बंद ठेवण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराची आजारपणाची रजा नामंजूर केल्याचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार ही मध्यवर्ती बसस्थानकावरील निवेदिका असून, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे काचेच्या खोलीत बसून प्रवाशांना सांगणे हे तिचे काम आहे. आहे म्हणावे की होते, हे आपल्या पत्रावरून कळत नाही. या अर्जात ती स्वतःला अर्जदारच म्हणणार आहे. 'मी' लिहायला घेतले की डोळ्यांना धार लागते, आणि ओला कागद आपल्या आवक विभागातील बाई घेत नाहीत.

१. आपल्या पत्रात असे नमूद आहे की, अर्जदाराने आवाज गेल्याचे कारण देऊन रजा मागितली. परंतु तपासणी पथकाने स्थानकाला अचानक भेट दिली असता निवेदिकेचा आवाज सर्व फलाटांवर खणखणीत ऐकू आला. सबब रजा नामंजूर. महोदय, आवाज खणखणीतच आहे. तो यंत्रातून येतो. पथक फलाटावर कान देऊन उभे होते त्या वेळी अर्जदार घरी स्वयंपाकघरात भांडे आपटून नवऱ्याला बोलावत होती, कारण दूध उतू चालले होते आणि हाक मारायला घशात काही उरले नव्हते.

२. आवाज एका दिवसात गेला नाही. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हापासून तो खिडकीशी बसून असतो. विचारले तर "काही नाही" म्हणतो, न विचारले तर तेही म्हणत नाही. सासूबाईंना ऐकू कमी येते, त्यामुळे घरात प्रत्येक गोष्ट ओरडून सांगायची आणि स्थानकावर येऊन पुन्हा गोड आवाजात दिलगिरी व्यक्त करायची, असा अर्जदाराचा दिनक्रम झाला. आधी झोप उडाली. मग मान आखडली, पोटात आग पडू लागली, केसांचे पुंजके हातात येऊ लागले. त्यानंतर आवाज चिरकू लागला आणि शेवटी गेलाच. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले आणि म्हणाले, "घसा ठणठणीत आहे तुमचा. बाई, घरी काय चाललंय?" एवढे विचारणारे ते पहिलेच. अर्जदार त्यांच्यापुढे ढसाढसा रडली आणि त्या रडण्यालाही आवाज नव्हता. ताणाने गळ्याचे स्नायू आवळले जातात, मन निवले की आवाज परत येईल, असे त्यांनी लिहून दिले आहे. तो दाखला सोबत जोडला आहे. मागच्या वेळीही जोडला होता. त्यावर आपल्या कार्यालयाने "घसा ठणठणीत" एवढ्याच शब्दांखाली लाल रेघ मारून तो परत पाठवला.

३. आता मुख्य गोष्ट. स्थानकाचे वाहतूक नियंत्रक यांना अर्जदार दादा म्हणते. म्हणत असे. त्यांची पत्नी दवाखान्यात होती तेव्हा अर्जदार काम सुटल्यावर तिच्या उशाशी जाऊन बसत असे. नियंत्रकांनी अर्जदाराच्या डब्यातला घास खाल्ला नाही असा दिवस विरळा. आवाज चिरकू लागला तेव्हा तेच म्हणाले, "अगं, आहे तोवर सगळं एकदा भरून ठेव यंत्रात. मग निवांत घरी पड. मी आहे ना इथे, बघतो सगळं." अर्जदाराला भरून आले. सख्ख्या भावाने तरी इतके कुठे केले असते!

मग काम सुटल्यावर रोज त्या काचेच्या खोलीत बसून अर्जदाराने सगळ्या गावांची नावे भरली, फलाटांचे आकडे भरले, "येथे लागली आहे" भरले, "उशिराने धावत आहे" भरले. तुकडे भरायचे आणि यंत्राने ते जोडायचे, अशी रीत. घसा सोलून निघत होता. दिलगिरीचे वाक्य नियंत्रकांना काही केल्या पसंत पडेना. "थोडं हसून म्हण गं, रडकं वाटतंय," असे म्हणत त्यांनी ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. शेवटी अर्जदार हसली. वाक्य झकास झाले. त्यानंतर तिने "दादा, झालं का?" असे विचारण्यासाठी तोंड उघडले तर नुसती हवा बाहेर आली. नियंत्रकांनी ते पाहिले. "बघ, वेळेत झालं की नाही!" असे म्हणून त्यांनी यंत्र बंद केले.

तपासणी पथकाला "निवेदिकेचा आवाज स्थानकावर दिवसभर स्पष्ट ऐकू येतो" असे लेखी याच नियंत्रकांनी दिले आहे. त्यात एक अक्षरही खोटे नाही. याला केसाने गळा कापणे म्हणतात, महोदय. परक्याने केले असते तर अर्जदाराने शिव्या घातल्या असत्या, मनातल्या मनात का होईना. पण ज्याच्या भरवशावर गळा मोकळा सोडला, त्यानेच असे करावे? नियंत्रकांना वरून यंत्राबद्दल शाबासकी मिळाली, असे स्थानकावर झाडणाऱ्या मावशींकडून कळले. अर्जदाराला पाहिले की ते हातातली चिठ्ठी वाचू लागतात. चिठ्ठी कोरी असली तरी वाचतात.

४. सासूबाईंना अक्षरओळख नाही, त्यामुळे त्यांना लिहूनही काही सांगता येत नाही. नवऱ्याने एकदा जागचे उठून त्यांच्या कानात ओरडून सांगितले, तेव्हा त्यांना पटले. अर्जदाराच्या गळ्याला त्या रोज स्वतःच्या हाताने तेल चोळू लागल्या. पुढे त्या आपल्या बहिणीकडे जायला स्थानकावर गेल्या आणि डोक्यावरच्या कर्ण्यातून त्यांना सून ऐकू आली. कर्ण्याचा आवाज मोठा, त्यामुळे शब्द न् शब्द कळला. बहिणीकडे न जाता त्या तशाच घरी परत आल्या. "जगाला गोड गोड बोलून गाड्या दाखवतेस आणि मला पाणी देताना तोंडाला कुलूप? मी काय घोडं मारलंय तुझं?" त्या दिवसापासून त्या अर्जदाराच्या हातचे जेवत नाहीत, स्वतःची पेज स्वतः शिजवतात. नवरा पुन्हा सांगायला गेला, तर म्हणाल्या, "तूही तिलाच सामील." तो परत खिडकीशी जाऊन बसला. आता घरात तिघांपैकी कोणीच कोणाशी बोलत नाही.

दाखल्यात मन निवले पाहिजे असे लिहिले आहे. ते कुठून निवणार? अर्जदाराचे घर स्थानकामागच्याच गल्लीत आहे. वारा तिकडून असला की दर गाडीला तिचाच आवाज खिडकीतून आत येतो, आणि दिलगिरीचे ते हसरे वाक्य आले की गळा मुठीत धरल्यासारखा आवळतो. जोवर तो आवाज चालू आहे तोवर हा आवाज परत येणार नाही, आणि ती आजारी आहे हे कार्यालयात किंवा घरात कोणाला पटणारही नाही.

५. काल आपल्या कार्यालयाचे दुसरे पत्र मिळाले. रजेच्या प्रकरणाची सुनावणी स्थानकाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत ठेवली असून नियंत्रक साक्षीदार आहेत. अर्जदाराने आपले म्हणणे तोंडी मांडावे, लेखी म्हणणे विचारात घेतले जाणार नाही, आणि अर्जदार गप्प राहिल्यास तिची काही तक्रार नाही असे समजून प्रकरण बंद करण्यात येईल, असे त्यात आहे. हे पत्र ज्याने लिहिले त्याने रजेचा अर्ज वाचला होता का, असे विचारण्याचा अर्जदाराला अधिकार नसावा. म्हणून ती विचारत नाही.

अर्जदार सुनावणीला येईल. सुनावणीपुरत्या तिच्या दोनच विनंत्या आहेत. पहिली, नियंत्रकांना तिच्या अगदी समोर बसवावे आणि त्यांच्या हातात कोणताही कागद देऊ नये. दुसरी, त्या खोलीची खिडकी फलाटाकडे उघडते, ती उघडी ठेवावी. आपण प्रश्न विचाराल तेव्हा अर्जदार आपल्यापुढे मुकाट उभी असेल, आणि त्याच वेळी खाली अर्जदार हसत हसत दिलगिरी व्यक्त करत असेल. दोघींना नीट पाहून-ऐकून घ्यावे, आणि रजा कोणाला द्यायची ते मग ठरवावे.

निर्णयाची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
निवेदिका, मध्यवर्ती बसस्थानक
दिनांक : सुनावणीच्या आदल्या दिवशी